किंग पॉवरचं सीझन तिकीट, 2022-23: 19 सामने, 23 गोल आणि रेलिगेशन

लेस्टर सिटीच्या या सीझन तिकिटावर प्रीमियर लीगचे 19 घरचे सामने मिळाले. त्यांपैकी पाच जिंकले, चार बरोबरीत सुटले, दहा हरले. आठ सामन्यांत लेस्टरने एकही गोल केला नाही. सबंध 19 सामन्यांत गोल झाले 23 आणि खाल्ले 27. शेवटच्या दिवशी, 28 मे 2023 ला, संघ जिंकला आणि तरीही खालच्या लीगमध्ये, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये गेला. पाचपैकी दोन तारे, आणि त्यातला एक हार्वी बार्न्स आणि जेम्स मॅडिसन यांच्या नावावर.

आधी चांगलं ते सांगून टाकू. किंग पॉवर स्टेडियम 2002 साली उघडलं. क्षमता साधारण 32 हजार, चारही बाजूंनी बंदिस्त, कुठेही बसलं तरी मैदान दिसतं. रेल्वे स्टेशनपासून चालत पंचवीसेक मिनिटं लागतात. लंडनच्या सेंट पँक्रसहून गाडीने सव्वा तासाच्या आसपास, त्यामुळे लंडनहून येऊन सामना बघून रात्री परत जाता येतं. संघ मैदानात येताना 'पोस्ट हॉर्न गॅलप' ही धून वाजते, तो आवाज फक्त तिथे बसूनच कळतो. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या प्रेक्षकांना सहसा माहीत नसते: इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. पुण्यात किंवा नागपुरात बसलेला माणूस संध्याकाळी निवांत तो सामना बघतो, आणि लेस्टरमध्ये राहणाऱ्याला तो बघायचा तर स्टेडियमवरच जावं लागतं. म्हणून तिथे सीझन तिकिटाला किंमत आहे.

आता माल. 2016 चा लीग विजेता, 2021 चा एफए कप विजेता, आणि 2022-23 च्या आधीच्या तीन हंगामांत लीगमध्ये पाचवा, पाचवा आणि आठवा. मे 2022 मध्ये हाच संघ कॉन्फरन्स लीग या युरोपीय स्पर्धेची उपांत्य फेरी खेळत होता. तिकीट घेणाऱ्याने वरच्या दहांत राहण्याची अपेक्षा ठेवली तर त्याला कुणी वेडा म्हणणार नाही.

पण उन्हाळ्यात क्लबने जवळजवळ काहीच आणलं नाही. अकरा वर्षं गोलमध्ये उभा राहिलेला कर्णधार कॅस्पर श्मायकल ऑगस्टमध्ये नीसला गेला, आणि त्याच्या जागी बाकावरचा डॅनी वॉर्ड बढती मिळून आला. त्याच उन्हाळ्यात न्यूकॅसलने रेलिगेट झालेल्या बर्नलीकडून गोलकीपर निक पोप सुमारे 1 कोटी पौंडांत उचलला होता, हे लक्षात ठेवा. पोप पुढे परत येणार आहे. वेस्ली फोफाना चेल्सीला सुमारे 7 कोटींना विकला आणि बदल्यात रेम्सहून वाउट फास घेतला. मैदानावरचा नवा खेळाडू म्हणाल तर तो एकटाच. रिकार्डो परेरा हंगाम सुरू होण्याआधीच टाचेच्या शिरेच्या दुखापतीने बाहेर गेला, नोव्हेंबरमध्ये जेम्स जस्टिनही तसाच. दोघेही फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू.

पैसा नव्हता असं म्हणावं तर पगार बघा. 2022-23 च्या हिशेबात उत्पन्न सुमारे 17.7 कोटी पौंड आणि पगाराचा खर्च सुमारे 20.6 कोटी. म्हणजे तिकीट, टीव्ही, जाहिराती सगळं धरून जेवढं येत होतं त्याहून जास्त नुसत्या पगारात जात होतं. रेलिगेशनमधून थोडक्यात वाचलेल्या एव्हर्टनचा पगारखर्चही याहून कमी होता. मालक किंग पॉवर हा थायलंडच्या ड्यूटी-फ्री दुकानांचा उद्योग. करोनात पर्यटन बंद पडलं तेव्हा तिथला ओघ आटला. नवे घेता येईनात आणि जुन्यांचे पगार कमी होईनात, अशी कोंडी. त्यात युरी टीलेमन्स, चाग्लार सोयुंजू, जॉनी एव्हान्स, डॅनियल अमार्ती, नाम्पालिस मेंडी या सगळ्यांचे करार जून 2023 ला एकदम संपणार होते. एवढ्या लोकांची नोकरी एकाच दिवशी संपते अशी वेळ कुठल्याही व्यवस्थापनाने येऊ देऊ नये. टीलेमन्स पुढे फुकटात अ‍ॅस्टन व्हिलाला गेला, सोयुंजू फुकटात अ‍ॅटलेटिको माद्रिदला. 2021 च्या एफए कपच्या अंतिम सामन्यातला विजयी गोल करणाऱ्या टीलेमन्सचे क्लबला शून्य पौंड मिळाले.

रेलिगेशनचं खापर बहुतेकांनी वॉर्डवर फोडलं. हे खापर अर्धंच खरं आहे. पहिल्या सात सामन्यांत 22 गोल खाल्ले आणि मिळाला एक गुण, हे खरं. ब्रायटनकडून 5-2, टॉटनहॅमकडून 6-2, त्यात बदली म्हणून आलेल्या सोनची हॅटट्रिक. पण पुढच्या आठ सामन्यांत तोच वॉर्ड गोलमध्ये होता आणि खाल्ले फक्त तीन. नॉटिंगहॅम फॉरेस्ट 4-0, वुल्व्ह्स 4-0, लीड्स, एव्हर्टन आणि वेस्ट हॅम प्रत्येकी 2-0. वर्ल्ड कपच्या सुट्टीला संघ 15 सामन्यांत 17 गुणांवर, तेराव्या स्थानी होता. मार्चमध्ये वॉर्डला काढून डॅनियल इव्हर्सनला आणलं, तर त्याच्या 12 सामन्यांत 22 गोल झाले. वॉर्डच्या 26 सामन्यांत 46. सरासरी काढली तर इव्हर्सनची किंचित वाईटच. गोलकीपर बदलून गळती थांबली नाही, कारण ती त्याच्या पुढच्या फळीतून होती. 12 नोव्हेंबरच्या वेस्ट हॅम सामन्यानंतर सलग 21 लीग सामन्यांत क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेला सामना, नाही. लिव्हरपूलविरुद्ध 30 डिसेंबरला फासने एकाच सामन्यात दोन स्वयंगोल केले आणि 1-0 ने पुढे असलेला संघ 2-1 ने हरला. त्या दोन्ही वेळी गोलकीपर काय करणार होता?

गोल करणं ही या संघाची अडचण नव्हतीच. एकूण 51 गोल. सातव्या आलेल्या अ‍ॅस्टन व्हिलानेही नेमके 51 केले होते. लेस्टरचा गोलफरक, म्हणजे केलेले वजा खाल्लेले गोल, उणे 17 होता. वाचलेल्या एव्हर्टनचा उणे 23, वुल्व्ह्सचा उणे 27, फॉरेस्टचा उणे 30, बोर्नमथचा उणे 34. गोलफरकाने क्रम लागला असता तर लेस्टर आरामात वाचलं असतं. मग गेलं कुठे? गोल गठ्ठ्याने आले. फॉरेस्ट, वुल्व्ह्स, व्हिला आणि टॉटनहॅम या चार विजयांत 16 गोल, आणि 22 पराभवांपैकी 12 फक्त एका गोलाने. ज्या सामन्यात एक गोल पुरला असता तिथे शून्य, आणि दोन पुरले असते तिथे चार. हंगामात बार्न्सचे 13 गोल, मॅडिसनचे 10 गोल आणि 9 असिस्ट. 36 वर्षांच्या जेमी व्हार्डीचे फक्त 3. बार्न्स आणि मॅडिसन नसतील किंवा त्यांना अडवलं असेल तर तिसरा पर्याय नव्हता.

आणि पराभव कुणाकडून? साउदम्प्टन तळाला राहिला, सबंध हंगामात सहा सामने जिंकला. त्यातले दोन लेस्टरविरुद्ध. बोर्नमथनेही दोन्ही सामने जिंकले. या चार सामन्यांतले बारा गुण गेले, आणि चारही एका गोलाच्या फरकाने. वर राहायला कमी पडले दोन.

प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स यांना काढायची वेळ चुकली, असं आमचं स्पष्ट मत आहे. काढणं चूक नव्हतं, मुहूर्त चुकला. सप्टेंबरमध्ये सात सामन्यांत एक गुण असताना काढलं असतं तर वर्ल्ड कपची सहा आठवड्यांची सुट्टी नव्या माणसाच्या हाती आली असती. त्यांना 2 एप्रिलला काढलं, क्रिस्टल पॅलेसकडून जादा वेळेतल्या गोलावर 2-1 ने हरल्यावर, आणि बदली माणूस तयार नव्हता. हंगामी जोडीच्या हाताखाली चार दिवसांत दोन घरचे सामने झाले. व्हिलाचा विजयी गोल 87 व्या मिनिटाला आला. बोर्नमथविरुद्ध मॅडिसनचा मागे दिलेला चुकीचा पास फिलिप बिलिंगला सापडला आणि 0-1. सीझन तिकिटाच्या दृष्टीने सर्वात वाईट टप्पा हाच: आर्सेनल, चेल्सी, व्हिला, बोर्नमथ, सलग चार घरचे पराभव. डीन स्मिथ 10 एप्रिलला आले तेव्हा आठ सामने उरले होते. त्यांत नऊ गुण मिळवले. वाईट नाही, पण उशीर झाला होता.

पैसे कुठे बुडाले ते एका रात्रीत बघायचं असेल तर 1 मे, एव्हर्टन. पिछाडीवरून सोयुंजू आणि व्हार्डीच्या गोलांनी 2-1, आणि मध्यंतराच्या तोंडावर पेनल्टी. मॅडिसनने चेंडू सरळ मधोमध मारला. एव्हर्टनचा गोलकीपर जॉर्डन पिकफर्ड जागेवरून हललाच नाही. त्याच्या पाण्याच्या बाटलीवर मॅडिसनसमोर मध्येच थांबायचं, अशी नोंद चिकटवलेली होती. प्रतिस्पर्ध्याने गृहपाठ केला होता, एवढंच. दुसऱ्या अर्धात अ‍ॅलेक्स इवोबीने बरोबरी केली, 2-2. आता अंतिम तक्ता घ्या: एव्हर्टन 36, लेस्टर 34. तो सामना लेस्टरने जिंकला असता तर लेस्टर 36, एव्हर्टन 35. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून.

त्यानंतर 22 मेला न्यूकॅसलला 0-0. पाच बचावपटू, बार्न्स आणि मॅडिसन बाकावर. क्लीन शीट मिळाली, पण एकमेव खरी संधी अगदी शेवटी टिमोथी कास्तान्येला आली आणि ती अडवली निक पोपने. त्या एका गुणाने न्यूकॅसल चॅम्पियन्स लीगला पोहोचलं आणि लेस्टरचं नशीब दुसऱ्याच्या हाती गेलं. जिंकण्याची गरज असताना आपले दोन गोल करणारे बाकावर ठेवणं आम्हाला तेव्हाही पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही.

शेवटचा रविवार, भारतीय वेळेप्रमाणे रात्री नऊला. बार्न्सने 34 व्या मिनिटाला गोल केला आणि काही काळ लेस्टर वाचलेलं होतं. 57 व्या मिनिटाला तिकडे लिव्हरपूल शहरात एव्हर्टनच्या अब्दुलाय डुकुरेने बोर्नमथविरुद्ध गोल केला आणि एव्हर्टन पुन्हा लेस्टरच्या वर गेलं. इकडे फासने 2-0 केलं, पण त्याने काही बदलणार नव्हतं. वेस्ट हॅमचा एक गोल आला, 2-1. एव्हर्टनच्या सामन्यात दहा मिनिटांचा जादा वेळ होता, म्हणजे किंग पॉवरवर आपला सामना आटोपल्यावरही लोक फोनकडे बघत बसले होते. आदल्याच दिवशी लेस्टरच्या महिला संघाने महिला सुपर लीगमधलं स्थान राखलं होतं. नवीन वर्षापर्यंत तळाला असलेला हा संघ वाचला आणि रेडिंग खाली गेलं. महिला संघाचं तिकीट वेगळं आणि बरंच स्वस्त. 2022-23 मध्ये लेस्टरवर पैसे लावायचेच होते तर तिथे लावायला हवे होते.

घ्यावं की नाही? रेलिगेशननंतर याच तिकिटावर 19 च्या जागी 23 घरचे सामने मिळतात, कारण चॅम्पियनशिपमध्ये 24 संघ आहेत. वर गेलेला क्लब खाली आला की टीव्हीच्या समान वाट्याच्या 55 टक्के रक्कम पहिल्या वर्षी, 45 टक्के दुसऱ्या वर्षी मिळते, त्यामुळे संघ त्या लीगच्या मानाने श्रीमंत राहतो. मॅडिसन टॉटनहॅमला, बार्न्स न्यूकॅसलला गेला, तरी एन्झो मारेस्का यांच्या हाताखाली 2023-24 मध्ये 97 गुण आणि विजेतेपद. तिकीटदाराच्या हिशेबात तो हंगाम पाचपैकी साडेचार. पुढच्या वर्षी परत वर, आणि पहिल्यापेक्षा वाईट: 25 गुण, डिसेंबर ते एप्रिल सलग नऊ घरचे लीग सामने हरले आणि त्या नऊंत एकही गोल नाही. 2022-23 चे आठ कोरडे सामने निदान विखुरलेले होते.

एक व्यवहाराची गोष्ट. 2022-23 मध्ये लेस्टरने बाहेरच्या मैदानांवर 28 गोल केले, घरी 23. वुल्व्ह्स 4-0, व्हिला 4-2, एव्हर्टन आणि वेस्ट हॅम 2-0 हे सगळे बाहेरचे. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या प्रेक्षकाच्या तिकिटाला 30 पौंडांची कमाल मर्यादा आहे. पण पाहुण्यांची तिकिटं मोजकी असतात आणि ती आधी सीझन तिकीट असलेल्यांना मिळतात. तेव्हा घरच्या सामन्यांसाठी नाही, तर बाहेरच्या रांगेत पुढे उभं राहायला हे तिकीट घ्यायचं, हा सौदा जमत असेल तरच घ्या. फक्त शनिवारी दुपारी तीनचे घरचे सामने बघायचे असतील तर सुटं तिकीट पुरेल. गुणतक्त्यात खाली असलेल्या संघांविरुद्धची तिकिटं सहसा आयत्या वेळीही मिळतात.