फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन: घरातल्या सगळ्या फोनांवर बरेच महिने वापरल्यानंतर

अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्स टाका, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) घाला आणि तोच ब्राउझर डिफॉल्ट करून ठेवा. बरेच महिने आमच्या घरातले फोन असेच चालताहेत आणि जाहिरातींचा जाच जवळपास संपला आहे. पैसे लागत नाहीत, कुठे नाव-नंबर द्यावा लागत नाही. तरी एवढं लांबलचक लिहिते आहे, कारण नुसतं एक्स्टेंशन टाकून भागत नाही. जे मागे उरतं, त्याचाच त्रास वयस्कर माणसांना सगळ्यात जास्त होतो.

बाबा बेदाणा आणि हळदीचे सांगली-तासगावचे भाव रोज फोनवर बघतात. पान उघडलं की खालून पट्टी वर येते, कोपऱ्यात व्हिडिओ सुरू होतो, आणि तक्त्यावर बोट ठेवावं तोच पान सरकून बोट पडतं जाहिरातीवर. बंद करायची फुली इतकी बारीक की चष्मा लावूनही सापडत नाही. कधी तर ती फुली जाहिरातीच्या चित्रातच काढलेली असते, दाबली की भलतीच साइट उघडते. भाचीला भरती परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका हव्या असतात. त्या पानांवर हिरवीगार 'डाउनलोड' बटणं तीन-चार, खरं एकच. यात बाबांचं किंवा भाचीचं काही चुकत नाही. बोट चुकावं म्हणूनच पान तसं रचलेलं असतं, आणि मला संताप येतो तो याचा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवण्यासाठी केलेल्या अशा रचनांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात १३ प्रकार नोंदवले आहेत. मजकुराच्या वेषातली जाहिरात, खोटी घाई आणि सततची भुणभुण हे तिन्ही त्यात येतात. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते, आणि ती करावीच. पण आज संध्याकाळी भाव बघायचा आहे त्याला उपाय आजच हवा.

यूब्लॉक ओरिजिन हे रेमंड हिल यांचं काम. २०१४ पासून चालू आहे, सगळा कोड खुला आहे आणि ते यासाठी देणगीसुद्धा घेत नाहीत. कुठलंही बातमीचं पान उघडलं की ते आपल्या नकळत डझनावारी परक्या सर्व्हरांकडे मागण्या पाठवतं: जाहिरात आणा, हा वाचक कोण ते नोंदवा, आधी काय बघत होता ते सांगा. यूब्लॉक आपल्याकडच्या याद्यांशी ताडून यातल्या बहुतेक मागण्या निघण्याआधीच अडवतं. जाहिरात उतरतच नाही, म्हणून डेटा वाचतो आणि जुना फोनही पान चटकन उघडतो. गावाकडे, जिथे रेंज एकच कांडी असते, तिथे हा फरक लगेच जाणवतो.

टाकल्यावर एकदा सेटिंग्जमध्ये जाऊन फिल्टर याद्यांचं पान उघडा. ईझीलिस्ट आणि ईझीप्रायव्हसी आधीपासून चालू असतात. प्रदेश आणि भाषांच्या विभागात इंडियनलिस्ट आहे, ती चालू करा; आपल्याकडच्या साइटींवर ती उपयोगी पडते. त्याच्या वर 'अनॉयन्सेस' नावाचा गट आहे. 'आमच्या ॲपमध्ये उघडा' म्हणणाऱ्या पट्ट्या, वाचता वाचता आडवे येणारे चौकोन यांचा बंदोबस्त तिथे होतो. सगळ्याच याद्यांवर खुणा करत सुटू नका. साध्या फोनवर ब्राउझर जड होतो आणि साइटी मोडायला लागतात.

क्रोमवर का नाही, हे सगळे विचारतात. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालतच नाहीत. लॅपटॉपवरच्या क्रोमने मॅनिफेस्ट व्ही ३ हे एक्स्टेंशनांसाठीचे नवे नियम आणून २०२४ पासून जुन्या पद्धतीची एक्स्टेंशनं बंद करत नेली, त्यात मूळ यूब्लॉक ओरिजिनही गेलं. तिथे आता 'लाइट' आवृत्ती मिळते. ऑफिसच्या लॅपटॉपवर मी तीच वापरते. रोजच्या वाचनाला पुरते, पण चिवट साइटींपुढे मूळ आवृत्तीइतकी टिकत नाही. आयफोनवाल्यांना सफारीसाठी हीच लाइट आवृत्ती २०२५ पासून मिळते.

आता मागे उरतं ते. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असं सांगून काही साइटी नोटिफिकेशनची परवानगी काढून घेतात. त्यानंतर ब्राउझर बंद असला तरी फोनवर संदेश येत राहतात: फोनमध्ये व्हायरस शिरला, बँक खातं बंद होणार, बक्षीस लागलं. आईच्या फोनवर दिवसभर हेच चाललेलं असायचं आणि ती खरंच घाबरायची. एकदा दिलेली परवानगी एक्स्टेंशन टाकल्याने रद्द होत नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, आणि तिथे 'परवानगी दिलेल्या' यादीतली अनोळखी नावं एकेक करून काढून टाका. फायरफॉक्सच्या साइट परवानग्यांत नोटिफिकेशन सरसकट 'ब्लॉक' करून ठेवा. वेळ दहा मिनिटं, आणि घरात सगळ्यात जास्त शांतता याच कामाने आली. एक्स्टेंशन नंतर टाकलंत तरी चालेल, हे मात्र आधी करा.

ब्राउझर उघडलेला नसताना पूर्ण पडदाभर जाहिरात येत असेल, तर ती एखाद्या ॲपची करामत समजा. टॉर्च, फोन साफ करणारं, वॉलपेपर अशांपैकी काहीतरी. जाहिरात समोर असतानाच अलीकडच्या ॲप्सची यादी उघडली की बहुतेक वेळा चोर सापडतो. सापडला की काढून टाका.

अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएसची सोय आहे (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा). तिथे ॲडगार्ड या जाहिरात अडवणाऱ्या सेवेचा पत्ता घातला की ॲपमधल्याही बऱ्याच जाहिराती थांबतात. आईच्या फोनवर तेही चालू आहे. पण डीएनएसला फक्त सर्व्हरचं नाव दिसतं. मजकूर आणि जाहिरात एकाच ठिकाणाहून येत असेल तर त्याचा इलाज नाही, आणि जाहिरातीच्या जागी रिकामा चौकोन तसाच राहतो. जोडीला ठीक, एकट्याने पुरेसं नाही.

तोटेही आहेत. एका सरकारी फॉर्मचं नवं पान उघडेना, एका तिकीट साइटवर पैसे भरायची खिडकीच आली नाही. अशा वेळी मेनूमधून यूब्लॉक उघडून मोठं निळं बटण दाबायचं, त्या साइटपुरतं ते बंद होतं. हे घरातल्यांना शिकवून ठेवावं लागतं, नाहीतर 'तुझ्या त्या फायरफॉक्समुळे' अशी तक्रार येते. गुगल ॲपमधल्या बातम्या मात्र त्याच ॲपच्या आत उघडतात, तिथे यूब्लॉक पोचत नाही. त्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये वेब पानं ॲपमध्येच उघडण्याचा पर्याय आहे, तो बंद करावा.

जाहिरात अडवणं हा फुकटेपणा आहे, असं मला ऐकवलं गेलं आहे. मला ते पटत नाही. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना शोध घेताना ॲड ब्लॉकर वापरायचा सल्ला दिला, कारण ठग लोक जाहिराती विकत घेऊन खऱ्या कंपन्यांची सोंगं घेत होते. बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधताना आपल्याकडे माणसं फसतात, त्यातला एक रस्ता हाच. कोणी फसलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा.

पण लिहिणाऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत, हेही मला मनापासून वाटतं. १९९०च्या दशकात ट्रायपॉड या साइटसाठी पॉप-अप जाहिरातीचा कोड लिहिणाऱ्या ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली, आणि सगळं वेब जाहिरातींच्या कमाईवर उभं केलं तिथेच गडबड झाली असं मांडलं. आम्ही एका मराठी साप्ताहिकाची डिजिटल वर्गणी भरतो. आणि ज्या साइटींवर जाहिरात शांतपणे एका जागी बसलेली असते, आवाज करत नाही, मजकुरावर चढत नाही, तिथे मी यूब्लॉक स्वतः बंद ठेवते. बटण एकदा दाबलं की त्या साइटसाठी ते कायम लक्षात राहतं.