‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ : जीसीसी हा कंपायलर तीनदा का बांधायचा, हे समजावणारे पुस्तक

गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हे मोफत पुस्तक वाचकाच्या हाती तयार लिनक्स प्रणाली देत नाही. ते सुमारे ऐंशी पॅकेजेसचा सोर्स कोड उतरवून घ्यायला लावते आणि प्रत्येक पॅकेज कोणत्या क्रमाने, कोणते पर्याय देऊन कंपाइल करायचे, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणायचे, ते सांगते. सर्व आज्ञा दिलेल्याच असल्यामुळे नुसती नक्कल करूनही शेवटपर्यंत पोहोचता येते, पण या पुस्तकाचे खरे मोल त्या आज्ञांमागच्या स्पष्टीकरणात आहे.

ते सर्वांत चांगले उतरले आहे टूलचेनच्या, म्हणजे कंपायलर, लिंकर आणि सी लायब्ररी या संचाच्या भागात. सी लायब्ररी बांधायला कंपायलर लागतो आणि पूर्ण क्षमतेच्या कंपायलरला सी लायब्ररी लागते. शिवाय हे सगळे ज्या जुन्या प्रणालीवर बसून करायचे, तिच्या लायब्रऱ्या नव्या प्रणालीत नकळत शिरण्याचा धोका असतो. यावर पुस्तकाने काढलेला तोडगा मला फार आवडला : यंत्राच्या ओळखीच्या नावात उत्पादकाच्या जागी ‘एलएफएस’ ही पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरे घालायची. प्रोसेसर तोच राहतो, पण नाव बदलल्यामुळे बांधणीच्या स्क्रिप्ट हे काम वेगळ्या यंत्रासाठीचे क्रॉस-कंपायलेशन आहे असे मानतात आणि जुन्या प्रणालीपासून अंतर राखतात. म्हणूनच जीसीसी पहिल्या फेरीत अपुरा, दुसऱ्या फेरीत तात्पुरता आणि सीएच-रूटमध्ये (नव्या प्रणालीची डिरेक्टरीच मूळ मानणाऱ्या वेगळ्या वातावरणात) शिरल्यावर कायमचा, असा तीनदा बांधावा लागतो. प्रत्येक टप्प्यावरच्या पडताळण्याही नेमक्या आहेत. रिकाम्या ‘मेन’ फंक्शनचा एका ओळीचा प्रोग्रॅम कंपाइल करून ‘रीडएल्फ’ या तपासणीच्या साधनाने तो कोणता डायनॅमिक लिंकर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्रऱ्या जोडणारा घटक) मागतो हे पाहायचे, तिथे अपेक्षित मार्ग दिसला नाही, तर पुढे जाण्यात काहीच अर्थ नसतो.

वेळेचा अंदाज मिनिटांत न देता ‘एसबीयू’त (स्टँडर्ड बिल्ड युनिट) दिला आहे. पहिल्या फेरीतले बिनयुटिल्स (लिंकर, असेंब्लर अशा साधनांचे पॅकेज) तुमच्या यंत्रावर बांधायला लागणारा वेळ म्हणजे एक एसबीयू. ही पद्धत जुन्या लॅपटॉपलाही लागू पडते. जीसीसीच्या चाचण्यांना मात्र बराच वेळ राखून ठेवावा. त्या गाळण्याचा मोह होतो, पण गाळू नयेत. डिस्कवर तीस जीबीचे स्वतंत्र विभाजन असावे, ही पुस्तकाची सूचनाही पाळण्याजोगी आहे.

उणिवा दोन जाणवतात. मूळ यादीत फाइल्स उतरवून घेणारी डब्ल्यूगेट, कर्ल किंवा दूरच्या संगणकाशी जोडणारे ओपनएसएसएच यांपैकी काहीच नसल्यामुळे नव्या प्रणालीत शिरल्यावर पुढचे पॅकेज उतरवून घेण्याचीही सोय राहत नाही. त्यामुळे ही साधने रीबूट करण्याआधी, सीएच-रूटमध्ये असतानाच, ‘बियाँड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या जोडपुस्तकावरून बसवून घ्यावीत. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. येथे पॅकेज मॅनेजर, म्हणजे पॅकेजेस बसवणारे आणि अद्ययावत करणारे साधन, नाही. त्याच्या निरनिराळ्या पद्धतींची चर्चा पुस्तकात आहे, पण निवड वाचकावर सोडली आहे, आणि सुरक्षेची दुरुस्ती आली की त्या पॅकेजची बांधणी पुन्हा आपल्यालाच करावी लागते. रोजच्या कामाच्या संगणकासाठी म्हणूनच मी ही प्रणाली सुचवणार नाही, आणि एखाद्या राउटरसाठी किंवा छोट्या बोर्डसाठी आटोपशीर लिनक्स हवे असेल, तर अशा छोट्या प्रणाली आपोआप बांधून देणारे बिल्डरूट अधिक सोयीचे पडते. कमांड लाइनची सवय असलेल्या आणि ‘मेक’ या बांधणीच्या साधनाने दाखवलेली त्रुटी वाचून तिचे कारण शोधण्याची चिकाटी असलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मात्र हे पुस्तक मी आग्रहाने सुचवेन. त्यांनी चालू स्थिर आवृत्तीच घ्यावी आणि पॅकेजेसच्या आवृत्त्या मनाने बदलू नयेत.