पापड लाटताना काय वाचावं: चिं. वि. की पु. ल.?

एप्रिल लागला की आमच्या अमळनेरच्या घरी दुपारी हात पापडांवर असतात आणि कान पुस्तकाकडे. उडदाचं पीठ मुसळाने कुटून, तेलाचा हात लावून लाट्या पाडल्या की सात-आठ जणी पोळपाट घेऊन गोल बसतात. बाहेर पारा ४३-४४ वर, आत पंखा बंद, कारण वाऱ्याने पापड वाळून कडक होतात. अशा वेळी कोणीतरी मोठ्याने वाचायचं, ही आमच्या घरातली जुनी पद्धत. सध्या ते काम माझ्याकडे आहे आणि मी बहुतेक संसाराच्या विनोदी गोष्टीच वाचतो.

धुळ्याच्या मावसबहिणीला हे तिच्या सासरी सुरू करायचंय. तिने फोनवर विचारलं, "दादा, एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं घेऊ? चिमणराव का पु. ल.?" फोनवर दोन वाक्यांत सांगितलं, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही.

आधी दोघांतला मुख्य फरक. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते. आपल्या सुरत-भुसावळ लाइनीवरच्या माणसाला बडोदा काही परकं नाही. 'एरंडाचे गुऱ्हाळ' १९३२ चं, 'चिमणरावाचे चऱ्हाट' त्याच्या पुढच्या वर्षीचं. चिमणराव हा पुण्यातला भित्रा, सरळमार्गी कारकून. त्याची बायको काऊ, पोरंबाळं, बहीण चिमी, आणि संकटात धावून येणारा (पुष्कळदा ते संकट वाढवणारा) धिप्पाड गुंड्याभाऊ. चिमणराव आपली हकिगत आपणच सांगतो. त्यात सतत काहीतरी घडत असतं: कोणीतरी येतं, काहीतरी हरवतं, एक बेत ठरतो आणि फसतो.

पु. लं.चं (१९१९–२०००) तसं नाही. त्यांच्याकडे घडतं थोडं आणि बोललं जातं पुष्कळ. 'असा मी असामी'मधला धोंडो भिकाजी जोशी हाही कारकूनच, गिरगावातला. पण तो आयुष्य आठवत बसतो. कपडे बदलले, घरं बदलली, पोरगा मोठा झाला, जग कुठल्या कुठे गेलं. 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' घ्या. माणूस वजन उतरवायला निघतो आणि अख्खी चाळ त्याला काय खाऊ नकोस ते सांगायला लागते. घटना एवढीच. सगळी मजा कोण काय सांगतो आणि कसं सांगतो यात आहे.

हा फरक टीकाकाराला एक ओळ वाटेल. पापडाच्या घरात मात्र सगळं यावरच ठरतं, कारण तिथे दर पाच मिनिटांनी कोणीतरी उठतं. काकू लाटलेले पापड घेऊन धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर जाते. लहानगी लाटी चोरते म्हणून तिला ओरडावं लागतं. पीठ कोरडं पडलं म्हणून तेल मागवलं जातं. चिमणरावाची गोष्ट हे सगळं सोसते. खाली आलेली काकू विचारते, "मग, सापडलं का?" मी म्हणतो, "नाही, आता गुंड्याभाऊ निघालाय," आणि तेवढ्यावर ती पुन्हा गोष्टीत येते. पु. लं.च्या वाक्यात हसू शेपटाशी असतं. तीन-चार ओळी चढत चढत जातात आणि शेवटच्या दोन शब्दांवर बार उडतो. नेमकं तिथेच कोणी "अगं, ते तेल दे" म्हटलं की बार फुसका. पुन्हा वाचून ते हसू येत नाही, हे मी बऱ्याचदा अनुभवलंय.

दुसरी अडचण आवाजाची. पु. लं.चं स्वतःचं कथाकथन घराघरात ऐकलेलं आहे. 'नारायण' वाचायला घेतलं की वहिनीच्या कानात आधीच त्यांचा आवाज सुरू होतो आणि तिथे वाचणाऱ्याचं काही चालत नाही. चिमणरावाचा आवाज मात्र अजून मोकळा आहे. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ केला, तो ज्यांनी पाहिला त्यांना आठवतो. पण आमच्या पोरांच्या लेखी चिमणराव मी वाचतो तसाच बोलतो.

भाषेचं म्हणाल तर दोन्हीकडे थोडी खोळंबणूक होते. चिं. विं.कडे आणे-पै, टांगे, सोवळं-ओवळं येतं. शब्दाचा अर्थ सांगितला की काम भागतं. पु. लं.कडे गिरगाव, कोकण, गाणं, नाटकं यांचे संदर्भ वाक्यात विणलेले असतात आणि शब्दांवरच्या कोट्या असतात. ज्या आजीचं सगळं बोलणं अहिराणीत आहे तिला कोटी फोडून सांगावी लागते, आणि फोडलेल्या कोटीला कोणी हसत नाही. गुंड्याभाऊ मात्र आजीला पहिल्याच दिवशी कळला. लाटणं थांबवून म्हणाली, "असा भाऊ पाठीशी शे, मंग त्याले कसानं भ्याव?"

पण पु. लं.ना मी बाजूला सारत नाही, आणि त्याचं कारण 'नारायण'च आहे. 'व्यक्ती आणि वल्ली'मधलं हे व्यक्तिचित्र. (या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.) लग्नघरात सगळी कामं अंगावर घेणारा, बायकांना साड्यांच्या दुकानात नेणारा, शेवटी दमून पडणारा नारायण. आपल्याकडे वरण-बट्टीच्या पंगतीला हजार पान उठतं. आदल्या रात्री आचाऱ्याजवळ उभा राहून बट्ट्या मोजणारा, वांग्याच्या भाजीचं तिखट चाखणारा आणि पंगत उठेस्तोवर स्वतः न जेवलेला एक माणूस प्रत्येक भावकीत असतो. ते ऐकताना आजी हसता हसता एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "हाऊ ते आपला नानाच शे." नाना म्हणजे तिचा धाकटा दीर, आता नाही. त्या दिवशी उरलेल्या लाट्या कोणी फारसं न बोलता संपवल्या. ही ताकद मला चिमणरावात सापडत नाही. चिमणराव हसवतो, जवळचा वाटतो, पण घशात काही अडकवत नाही.

द. मा. मिरासदारही बहिणीने विचारले होते. त्यांच्या गोष्टी मला फार आवडतात आणि आमच्याकडे पुरुषमंडळी त्यावर फिदा आहेत. पण त्यातलं हसू बहुतेक गावाच्या पारावरचं आहे, नाना चेंगट आणि बाबू पैलवान यांच्यातलं. घर-संसार हवा असेल तर ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवावेत.

एक गोष्ट मात्र तिने विचारली नव्हती, मीच सांगितली. चिं. वि. काय, पु. ल. काय, दोघांकडे संसार नवऱ्याच्या तोंडून येतो. काऊ काय म्हणते ते आपल्याला चिमणरावच सांगतो. ऐकणाऱ्या सात-आठ जणी बायका असताना ही बाजू लंगडी पडते. म्हणून एक दुपार मंगला गोडबोले यांच्या लेखांना द्यावी. त्यात स्वयंपाकघरातून दिसणारं घर आहे, आणि आजच्या भाषेत आहे. मी ते स्वतः वाचत नाही, वहिनीला वाचायला देतो. तिच्या तोंडून ते शोभतं आणि मी तेवढ्या वेळात पापड उन्हात टाकून येतो.

तर एकच पुस्तक घ्यायचं असेल, घरात म्हातारी माणसं आणि पोरं दोन्ही असतील आणि वाचताना कामं चालणार असतील, तर बिनधास्त 'चिमणरावाचे चऱ्हाट' घ्या. पहिल्या पानापासून सुरू करायलाच हवं असं नाही, कोणतीही गोष्ट एका बैठकीत संपते. घरात दोघं-तिघंच असतील, हातात काम नसेल, रात्री धाब्यावर अंथरुणं टाकून गार वाऱ्याची वाट पाहत पडायचं असेल, तर पु. ल., आणि तेही आधी त्यांच्या आवाजात ऐकून मग वाचायला. विकत घ्यायच्या आधी चाळून बघायचं असेल तर जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ पासूनचं आहे. माझी 'चऱ्हाटा'ची प्रत २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरलं तेव्हा ग्रंथदालनातून घेतलेली. तिच्या अर्ध्या पानांवर आता तेलाची बोटं उमटली आहेत, म्हणून बहिणीला ती पाठवत नाही, नवीच पाठवतोय.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे ज्वारीचे बिबडे (पापडासारखंच एक वाळवण) आहेत. आजीने आत्ताच सांगून ठेवलंय की गुंड्याभाऊ रोज चालेल, पण एक दिवस नारायण पुन्हा वाचायचा, आणि त्या दिवशी पीठ कमी भिजवायचं.