पाडव्यापासून घरात धूप, ऊद, वाळा अन् कापूर: लातूरच्या फ्लॅटमधला माझा अनुभव

पाडव्यापासून रोज संध्याकाळी घरात धूप घालायलेय, अन् आता नवरात्र संपलं तरी चालूच आहे, म्हणजे कडक उन्हाळा, पूर्ण पावसाळा, महालक्ष्म्या सगळं त्यात येऊन गेलं. बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी विचारायल्यात की नेमकं काय वापरतेस, कुठून आणतेस, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मुद्द्याचं आधी सांगते, धुराने हवा साफ होत नाही. वास बदलतो, मन बदलतं, दिवेलागण झाल्यासारखी वाटते, हे सगळं खरंय अन् मला ते लई आवडतं, पण हवा साफ होते ती झाडू, पाणी, ऊन अन् उघड्या खिडकीनंच. आधी ते करायचं अन् मग धूप घालायचा, मग घर खरंच प्रसन्न वाटतं. कुबट खोलीत नुसता धूर केला तर कुबट वास तिथंच राहतो, वर अजून एक वास चढतो, बस.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बेडरूमला ऊन अजिबात नाही अन् पावसाळ्यात भिंतीला ओल येते. मामांना (सासऱ्यांना) दमा आहे, त्यामुळे हे सगळं करताना त्यांचा विचार पहिला. आत्यांना (सासूबाईंना) मात्र संध्याकाळी ऊद म्हणजे लोबान फिरवल्याशिवाय चैन पडत नाही, माळवदाच्या घरात सगळं आयुष्य गेलेलं, तिथं खोली मोठी, वर धूर जायला सवणं, धूर कोंडत नव्हता. इथं स्लॅब खाली अन् खिडक्या स्लायडिंगच्या, तोच ऊद तेवढाच घातला तर डोळे चुरचुरतात. जुनी पद्धत चांगली आहे पण ती ज्या घरासाठी होती ते घर वेगळं होतं, हे डोक्यात ठेवूनच मी सगळं बसवलं.

आता सामान. गंजगोलाईत मधल्या जगदंबेच्या मंदिराभोवती सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या एका रस्त्यावर काष्ठौषधीचं दुकान आहे, मी सगळं सुटं तिथूनच आणते. गुग्गुळ, राळ अन् ऊद, तिन्ही वेगळं घ्यायचं, 'मिक्स धूप' म्हणून पुडी देतात ती घ्यायची नाही कारण त्यात निम्म्याच्या वर राळच असते, ती स्वस्त पडते. ओळखायला सोपं आहे. राळ फिकट पिवळी, काचेच्या खड्यासारखी, बोटात दाबली की तडकून भुगा होतो. गुग्गुळ तपकिरी, ओल्या गुळासारखा चिकट, मुठीत धरला की हाताच्या गरमीनं मऊ पडतो अन् त्यात सालीचे तुकडे दिसतातच, अगदी स्वच्छ एकसारखे खडे कुणी गुग्गुळ म्हणून दिले तर मला शंका येते. ऊदाचा वास गोडसर, थोडा व्हॅनिलाकडं जाणारा, बाजारात येतो तो बहुतेक इंडोनेशियाकडचा. राळ आपल्याच देशातल्या साल झाडाची. गुग्गुळाचं झुडूप राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातलं, अन् डिंकासाठी त्याला इतक्या चिरा मारल्या गेल्या की आता ते आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलं गेलंय. हे कळल्यापासून मी गुग्गुळ रोज वापरत नाही, मंगळवार-शुक्रवार फक्त, तेही हरभऱ्याच्या दाण्याएवढा. तेवढ्यात हॉल भरतो.

निखारा करायची पद्धत नीट सांगते, कारण सगळी मजा अन् सगळा त्रास तिथंच आहे. गोवरी गावाकडची, पूर्ण वाळलेली, हातानं मोडली की कट्कन आवाज यायला पाहिजे, ओलसर असेल तर तिचाच इतका धूर होतो की पुढचं काही कळतच नाही. मुठीएवढा तुकडा, खाली नारळाच्या शेंड्या, कापराची एक वडी, अन् हे सगळं बाल्कनीत, घरात नाही. ज्वाळा पूर्ण विझू द्यायची. तुकडा आतून लाल अन् वरून राखेचा पातळ पापुद्रा धरतो तेव्हा चिमट्यानं हलकेच ठोकून राख झाडायची, धुपाटण्यात ठेवायचा अन् मग गुग्गुळ टाकायचा. तो लगेच जळत नाही, आधी फुगतो, बुडबुडे येतात, चुरचुर आवाज येतो अन् पांढरा धूर सुटतो. हाच धूर पाहिजे. ज्वाळा असताना गुग्गुळ किंवा राळ टाकली तर ती भपकन पेट घेते, काळी काजळी येते, डांबरासारखा वास येतो अन् लोक म्हणतात माल खराब होता. माल चांगला असतो, घाई नडते.

मग दारं-खिडक्या उघड्या ठेवून एक फेरी, कोपऱ्यात, दाराच्या मागं, चपलांच्या रॅकपाशी, देवापुढं शेवट, अन् धुपाटणं परत बाल्कनीत. भाच्यानं मागं हवा मोजायचं छोटं यंत्र आणलं होतं, त्यावर बारीक कण म्हणजे पीएम २.५ दिसतो. बंद खोलीत एक उदबत्ती लावली तर आकडा भराभर चढत तीनशेच्या पुढं गेला, खिडकी अन् समोरचं दार उघडलं तर चहा होईपर्यंत उतरला. चोवीस तासांच्या सरासरीला आपल्या देशाची मर्यादा दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे अन् जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली १५ सांगितलीय, त्यावरून अंदाज घ्या. धूर नैसर्गिक असो की देवाचा असो, फुप्फुसाला धूर तो धूरच. त्या दिवसापासून मामा फेरीच्या वेळेला खाली कट्ट्यावर जाऊन बसतात, दिवेलागणीनंतर वर येतात, तेव्हा धूर गेलेला असतो अन् मंद वास राहिलेला असतो, तो त्यांनाही आवडतो. या सगळ्या महिन्यांत धुपामुळं त्यांना त्रास झालाय असं एकदाही झालं नाही.

उदबत्ती मी जवळजवळ बंद केलीय. काडी बांबूची, वर कोळशाची पूड, चिकटायला जिगट अन् वरून सेंट, चंदनाची लिहिलेली असली तरी त्या भावात खरं चंदन बसूच शकत नाही. देव्हाऱ्यावरच्या छताला काळा डाग पडला होता तो उदबत्तीचाच, रंग दिल्यावर अन् धूप बाल्कनीत गेल्यावर पुन्हा आलेला नाही. आता गुरुवारी एक, तीही बिनकाडीची. ऑनलाइन गोवरीचे तयार कप मागवले होते, नाव घेत नाही, शेण-तूप-औषधी असं मोठं लिहिलेलं अन् पेटवल्यावर वास आला फिनेलचा, डोकं धरलं माझं. त्यापेक्षा घरी करा, देवाची झेंडू-शेवंती कडक उन्हात वाळवून पूड करायची, चाळलेली गोवरीची पूड, थोडी राळ, तूप, घट्ट मळून वाटीत दाबायचं. फुलं कडकच वाळलेली पाहिजेत, ओल राहिली की डब्यात बुरशी धरते. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात दोन दिवस पुरे, पावसाळ्यात याच्या नादी लागू नका.

सगळ्यात जास्त समाधान कशानं दिलं विचाराल तर वाळ्यानं, अन् त्यात धूरच नाही. आपल्याकडं मे महिन्यात कूलर म्हणजे घरातला माणूसच, अन् जुन्या गवताच्या पॅडला जो शेवाळी, मासळीसारखा वास येतो तो अर्ध्या लातूरला माहिती आहे. मी मागची एक बाजू वाळ्याच्या ताटीची केली, दोन बाजू साध्याच ठेवल्या, कारण सगळा वाळा घातला तर महाग पडतो अन् दाट असेल तर हवा कमी खेचते. पहिल्या दिवशी पाणी सोडलं तसं पावसाच्या पहिल्या सरीचा वास सगळ्या घरात, मुलं कूलरपुढून हलेनात. वास पहिले काही आठवडे भरपूर, मग उतरत जातो, ताटी उन्हात वाळवून झटकली की थोडा परत येतो. आपलं बोअरचं पाणी जड, पॅडवर क्षाराचा पांढरा थर चढतो, तो चढला की वाळा मेला समजा, म्हणून जमलं तर नळाचं पाणी घाला (नळाला पाणी कधी येतं ते आपल्याला माहिती आहेच, तरी). अन् टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो अन् आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. माठात वाळ्याची जुडी धुऊन फडक्यात बांधून टाकते, त्या पाण्याला तोड नाही.

पावसाळ्यात मागच्या बेडरूमला आधी गाद्या काढून भिंत कोरड्या फडक्यानं पुसली, पंखा दिवसभर, कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढलं, अन् मग आठवड्यातून दोनदा ऊद. कपाटात उघड्या वाटीत भीमसेनी कापूर ठेवते, तो न पेटवताच हळूहळू उडून जातो अन् कपड्यांना वास धरतो. साधा वडीचा कापूर बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेला असतो, आरतीला चालतो, कपाटाला मला नाही आवडत. कुठलाही असो, लेकरांच्या हाती लागू देऊ नका, थोडा जरी गिळला तर झटके येऊ शकतात.

कडुलिंबाच्या पाल्याची धुरी पण करून बघितली, डास तेवढ्यापुरते जातात, धूर गेला की परत येतात, मच्छरदाणी ती मच्छरदाणीच. अन् बाळाला न्हाऊ घातल्यावर धुरी द्यायची आपल्याकडं घरोघर पद्धत आहे, ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून. जावेच्या बाळाच्या वेळी आत्यांनीच स्वतःहून ती थांबवली, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, टोपडं अन् दुपटं तेवढं धुरावर धरलं, झटकलं अन् मग बाळाला घातलं. मला तो मार्ग लई पटला.

महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत नियम थोडा सैल सोडला. पाहुणे, समया, फुलवरा, सोळा भाज्यांचा वास अन् त्यात ऊद नाही असं होऊच शकत नाही. फक्त मुखवट्यांपुढं निखारा न ठेवता गॅलरीच्या दारात ठेवला, वाऱ्यानं वास आपोआप आत आला. बाजारात शुक्रवारी लोबानवाले बाबा मोरपिसांचा कुंचा घेऊन दुकानोदुकानी फिरतात, ते पण उंबऱ्यातच थांबून दोन झटके आत देतात अन् पुढं जातात, हिंदू असो मुसलमान असो सगळे दुकानदार मान झुकवतात. तेवढाच धूर पुरतो.

दिवाळीला विकत घेणार असाल तर: राळ पाव किलो वर्षभर जाते, ऊद शंभर ग्रॅम, गुग्गुळ पन्नास ग्रॅम पुरे अन् तो काचेच्या बरणीत ठेवा, प्लास्टिकला चिकटून बसतो. धुपाटणं पितळी, लाकडी मुठीचं बघा, पूर्ण धातूचं हाताला चटका देतं. फेरी झाली की निखारा वाळूत दाबून विझवायचाच, थंडीत काहीजण शेगडीसारखा खोलीत ठेवून झोपतात, ते अजिबात नको, बंद खोलीत कोळशाचा वायू जीव घेतो अन् त्याला वासही नसतो. राख तुळशीला चिमूटभरच घाला, जास्त झाली की पानं पिवळी पडतात.