जुन्या फोर बाय फोरला पाटे बरे की कॉइल?

पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पानांची स्प्रिंग, कॉइल म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग. पाट्यांची गाडी हाडं खिळखिळी करते, तरी जुनी गाडी घ्यायची तर माझा कौल पाट्यांनाच. पाटा वजन पेलतो आणि ॲक्सलला, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला, जागेवर धरूनही ठेवतो. कॉइल नुसतं वजन पेलते. ॲक्सल धरायला आर्म (पुढे-मागे धरणारे दांडे) आणि डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड लागतो, आणि प्रत्येकाच्या टोकाला रबरी बुश, म्हणजे बोल्टाभोवतीची रबरी नळी. हे बुश गेले की खड्डा लागताच स्टिअरिंग थडथडतं. बरेच जण आधी स्टिअरिंगचे झटके शोषणारा डॅम्पर बदलतात. त्याने थरथर झाकली जाते, दोष तिथंच राहतो. गाडी चाकांवर उभी ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग डावं-उजवं करायला सांगा आणि रॉडच्या टोकांवर नजर ठेवा. बोल्ट भोकात सरकताना दिसला, तर बुश संपला किंवा भोकच मोठं झालं.

खडकाळ वाटेवर मात्र कॉइल सरस: चाक जास्त खाली उतरतं, पकड टिकते.

पाट्यांची दुखणी उघड्यावर असतात. पानांमध्ये गंज धरला की पाटा आखडतो. पानं सुटी करून तारेच्या ब्रशने घासा, ग्रॅफाइट ग्रीस लावा. फरक लगेच कळतो. पाटा ॲक्सलला आवळणारे जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, ते परत वापरू नका. नवे बसवल्यावर साधारण 500 किलोमीटरनी पुन्हा आवळा. सैल राहिले तर पानं एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल सरकतो.

रबरी बुश पाट्याचा असो की आर्मचा, शेवटची आवळणी गाडीचं वजन चाकांवर असतानाच करा. ॲक्सल लटकता ठेवून आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.