साधी लागर, संत्र्याची गव्हाची बिअर की कोशर शिक्क्याची एल : कोशर पाळणाऱ्या पाहुण्यासाठी कोणती बाटली आणावी?

नागपुरात भारत-इस्रायल कृषी प्रकल्पाचे लिंबूवर्गीय फळांचे केंद्र असल्यामुळे काटोल, नरखेड, वरूड या संत्रापट्ट्यात इस्रायलहून आलेला माणूस आता कोणाला नवलाचा वाटत नाही. त्यांतले सगळेच कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम, पाळतात असे नाही. पण पाळणारा पाहुणा बागेतल्या घरी मुक्कामाला असेल आणि संध्याकाळी त्याच्यापुढे बिअर ठेवायची असेल, तर कोणती ठेवावी, हा प्रश्न मला दोन हंगामांपूर्वी पडला. त्यानंतर मी तीन प्रकार शेजारी शेजारी ठेवून दोन संध्याकाळी शांतपणे चाखले : तालुक्याच्या दुकानात मिळणारी साधी लागर (थंडाव्यात आंबवलेली बिअर), नागपूरहून आणलेली संत्र्याची साल घातलेली गव्हाची बिअर, आणि पुतण्याने अमेरिकेतून आणलेली कोशर शिक्क्याची तपकिरी एल (त्याहून उबदार तापमानात आंबवलेली बिअर). मध्ये तोंड साफ करायला फुटाणे आणि साधे पाणी, एवढेच घेतले.

शिक्का काय सांगतो, ते आधी समजून घ्यावे. वर्तुळातले यू किंवा वर्तुळातले के यांसारखी खूण म्हणजे एखाद्या प्रमाणन संस्थेने त्या बिअरचे घटक आणि ती बनवण्याची पद्धत ज्यू धर्मशास्त्राच्या कसोटीवर तपासली आहे. खुणेशेजारी डी असेल तर त्यात दुग्धजन्य घटक आहे. दुधातली साखर घातलेल्या गोडसर स्टाउटवर (काळपट बिअरवर) ते दिसू शकते आणि अशी बिअर मांसाहारासोबत चालत नाही. नुसते सुटे के हे अक्षर मात्र कोणीही छापू शकतो, म्हणून त्यावर विसंबू नये. बिअर ताजी आहे की शिळी, चवदार आहे की बेचव, याविषयी शिक्का काहीही सांगत नाही, आणि निवड करताना माझ्या मते हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते.

साध्या लागरचा विचार यामुळे सोपा होतो. पाणी, जवाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), हॉप्स (कडवटपणा देणारी वेलीची फुले) आणि यीस्ट यांपलीकडे काही नसलेली बिअर अनेक धर्माधिकारी शिक्क्याशिवायही मान्य करतात. वाइनचे तसे नाही. तिथे द्राक्षापासून बाटलीपर्यंत कोणाचा हात लागला, यालाही महत्त्व आहे. चवीला ही लागर सौम्य होती, धान्याचा हलका गोडवा होता, शेवटी पुसटसा कडवटपणा होता आणि फेस लवकर बसला. वर्णन करण्याजोगे तिच्यात फारसे नाही, पण दोष म्हणावा असेही काही नाही.

गव्हाच्या बिअरवर मात्र मी बराच वेळ थांबलो, कारण संत्र्याच्या सालीचा वास हा आमच्या घरचा वास आहे. या जातीची बिअर मुळात बेल्जियमची. तिथल्या होखार्डन गावात ती लयाला गेली होती, ती पियेर सेलिस या गृहस्थाने १९६६ साली पुन्हा बनवायला घेतली. त्या परंपरेत घालतात ती वाळवलेली कडू संत्र्याची साल आणि धणे. आपले नागपुरी संत्रे गोड, सैल सालीचे. त्याच्या सालीचा सुगंध अधिक फुलासारखा असतो आणि कडवटपणा कमी असतो. मी चाखलेल्या बिअरमध्ये पहिल्या घोटाला धणे स्पष्ट लागले, गव्हामुळे जिभेवर मऊपणा राहिला. पण संत्र्याचा वास सालीपेक्षा गोळीच्या वासाच्या जवळ जाणारा वाटला. याच ठिकाणी कोशरचा प्रश्न उभा राहतो. साल आणि धणे यांत काही अडचण नाही. अडचण स्वादद्रव्याची आहे, कारण ते ज्या द्रवात विरघळवलेले असते ते ग्लिसरीन प्राणिज चरबीचे किंवा अल्कोहोल द्राक्षाचे असू शकते, आणि बाटलीवरच्या चार ओळींत ते कधीच लिहिलेले नसते. फळांच्या, मसाल्यांच्या आणि वाइनच्या पिंपात मुरवलेल्या बिअरला म्हणूनच शिक्का हवाच. चवीला तिघींत हीच मला सर्वांत जवळची वाटली, तरी कोशर पाळणाऱ्या पाहुण्यापुढे मी ती शिक्क्याशिवाय ठेवणार नाही.

शिक्क्याच्या बाटल्यांकडून माझ्या अपेक्षा मोठ्या होत्या. अमेरिकेत जेरेमी कोवन यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात हाताने पिळलेल्या डाळिंबाच्या रसाची कोशर बिअर करून श्मॉल्ट्झ हा उद्योग उभा केला, तेव्हापासून या वर्गात चवीचेही प्रयोग झाले आहेत. आमच्याकडे आलेल्या तपकिरी एलमध्ये भाजलेल्या शेंगदाण्याची आणि करपू घातलेल्या गुळाची चव होती, आणि फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवल्यावर, म्हणजे साधारण १० ते १२ अंशांवर, ती खुलली. पण चारांपैकी दोन बाटल्यांना ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली होती. हा प्राणवायूचा आणि उष्णतेचा परिणाम. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बंद गाडीच्या डिकीत त्याहून वर, आणि लोडशेडिंगमध्ये फ्रीजही भरवशाचा नाही. त्यातून बाटली हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची असेल तर उन्हात हॉप्समधील द्रव्यांचे विघटन होऊन उग्र दुर्गंधी येते. तपकिरी काच यापासून बरेच रक्षण करते. दूरवरून आलेली शिक्क्याची बाटली आणि परवा भरलेली साधी बाटली यांत चवीपुरती मी दुसरी घेईन.

म्हणून ज्याला एकच बाटली निवडायची आहे त्याने साधी, ताजी, बिनस्वादाची लागर घ्यावी, भरल्याची तारीख पाहावी आणि पाहुण्याला आधीच विचारून घ्यावे, कारण काही जण शिक्क्याशिवाय काहीच घेत नाहीत आणि काही जण इतरधर्मीयांच्या घरी बसून बिअर पिणे टाळतात. अशांना बंद बाटली, ओपनर आणि नवा काचेचा ग्लास खोलीत नेऊन द्यावा. स्वादाची बिअरच हवी असेल, तर नागपूर-मुंबईहून येणाऱ्या माणसाकडून शिक्क्याची मागवावी आणि ती हिवाळ्यातच मागवावी. इंग्लंडच्या पिंपातल्या एलबद्दल कोणी शंका काढली, तर बिअर नितळ करायला वापरल्या जाणाऱ्या माशाच्या हवेच्या पिशवीतील द्रव्याला अठराव्या शतकात प्रागचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) यहेझकेल लांडाऊ यांनी परवानगी दिली होती, एवढे सांगता येईल. निर्णय अर्थात पाहुण्याचा.

दोन गोष्टी तारखा ठरवताना पाहाव्यात. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, आपला मृग बहार उतरत असतो तेव्हा, जवाची कोणतीही साधी बिअर चालत नाही, मग तिच्यावर एरवीचा शिक्का असला तरी. आणि पाहुण्याला सेवाग्राम दाखवायला नेणार असाल, तर गाडीतली बाटली आधी घरी उतरवून ठेवावी, कारण वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे.