'द विकेड किंग': नऊ महिने आणि तीन वाचनांनंतर

मागच्या जूनमध्ये पाऊस जोरात लागला त्याच आठवड्यात हे पुस्तक माझ्या हाती आलं. आता बाहेर शिगम्याच्या मिरवणुकीतल्या रोमटामेळाच्या तालमी सुरू झाल्या आहेत. मधल्या नऊ महिन्यांत मी ते तीनदा वाचलं. एकदा एकटीनं, दीड दिवसात. दुसऱ्यांदा गणेशचवथीच्या सुट्टीत भाचीबरोबर. तिसऱ्यांदा जानेवारीत, फोंडा-पणजी कदंब बसमध्ये, रोज मार्दोळ ते बाणस्तारीच्या पुलापर्यंत जेवढी पानं होतील तेवढी. तिन्ही वेळा माझं मत बदललं, म्हणून आत्ता लिहिते आहे. जूनमध्येच लिहिलं असतं तर पुस्तकावर अन्याय झाला असता.

पुढे कथा उघड होणार आहे. पहिला भाग, 'द क्रुएल प्रिन्स', वाचला नसेल तर आधी तो वाचा. हा दुसरा भाग त्याच्याशिवाय कळत नाही, आणि लेखिकेनं मागची आठवण करून देण्याची फारशी तसदी घेतलेली नाही. होली ब्लॅक यांच्या या त्रयीचा पहिला भाग 2018 मध्ये आला, हा 2019 च्या जानेवारीत आणि तिसरा त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये. आता तिन्ही मिळतात, म्हणजे शेवटच्या पानानंतर कोणाला ताटकळत बसावं लागणार नाही. ही मोठी सोय आहे. का ते पुढे येईलच.

ज्यूड ही माणसाची मुलगी. ती सात वर्षांची असताना मॅडॉक नावाचा सेनापती तिच्या आईवडिलांना तिच्या डोळ्यांदेखत मारतो आणि तिघी बहिणींना एल्फहेम या राज्यात नेऊन वाढवतो. तिथल्या लोकांना इंग्रजीत फेअरी म्हणतात. मराठीत आपण 'परी' म्हणतो आणि तिथेच फसतो. परी म्हटलं की पंख, चांदणं, झगमगता फ्रॉक. हे लोक तसले नाहीत. त्यांच्याशी बोलताना शब्द जपावे लागतात, त्यांच्या हातचं खाताना विचार करावा लागतो, त्यांच्याकडून काही घेतलं तर देणं मागे लागतं. माझ्या आजीनं ज्याचं नाव तिन्हीसांजेनंतर कधी घेतलं नाही, त्या देवचाराच्या, आमच्या गोव्यातल्या भुताच्या, ते जास्त जवळचे. ज्यूड खिशात मीठ बाळगते, कारण मिठानं त्यांच्या अन्नाची मोहिनी उतरते. हे वाचलं आणि आमच्या स्वयंपाकघरातली दिष्ट काढण्याची मीठ-मिरची डोळ्यांसमोर आली. एवढ्या दूरच्या गोष्टीत इतकं ओळखीचं काही भेटेल असं वाटलं नव्हतं.

या लोकांचा एक नियम असा की त्यांना खोटं बोलता येत नाही. मग ते काय करतात? शब्द फिरवतात. विचारलेल्या प्रश्नाच्या शेजारच्या प्रश्नाचं उत्तर देतात. आणि दिलेला शब्द मोडता येत नसल्यामुळे, शब्द देतानाच त्यात फट ठेवतात. पहिल्या भागाच्या शेवटी ज्यूड राजपुत्र कार्डनकडून एक वर्ष आणि एक दिवस तिची आज्ञा पाळण्याची शपथ घेते आणि युक्तीनं त्याच्याच डोक्यावर मुकुट चढवते. दुसरा भाग सुरू होतो तेव्हा त्यातले काही महिने सरलेले आहेत. राजा तो, हुकूम तिचा, आणि हे दरबारात जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही.

जूनमध्ये मी हे सगळं प्रेमकथा म्हणून वाचलं. दोघांचं एकमेकांवर चिडणं, एकमेकांशिवाय न राहवणं, त्यातली ओढ. पानं उलटत गेले. शेवटी कार्डन तिला म्हणतो की माझ्याशी लग्न कर, राणी हो, आणि मला शपथेतून मोकळं कर. ती करते. लगेच पुढे, समुद्राखालच्या राज्याचा राजदूत असलेल्या त्याच्याच भावाला, बालेकिनला, मारल्याबद्दल तो तिला भर दरबारात माणसांच्या जगात हद्दपार करतो. ती ओरडून सांगते की मी राणी आहे, आणि लोक हसतात. मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस त्याच्याकडे बघितलं नाही. मला खरोखर दुखलं होतं. सतरा-अठरा वर्षांची मुलगी, जिनं आयुष्यात एकदाच कोणावर विश्वास टाकला, तिला असं तोंडघशी पाडायचं? मैत्रिणीला फोनवर म्हटलं, तिसरा भाग मी आणणार नाही.

चवथीला भाची आली. दहावीत आहे. सगळी पाहुणेमंडळी गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली गप्पा मारत होती आणि ही मागच्या खोलीत माझी प्रत घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याशेजारी आली आणि म्हणाली, "मावशी, त्याला नाही म्हणताच येत नाही, मग तो हो म्हणतो त्याचा काय उपयोग?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. पहिल्या भागात कार्डननं ज्यूडला छळलेलं असतं. अशा छळणाऱ्या मुलाच्याच प्रेमात नायिका पडते, ही या प्रकारच्या पुस्तकांबद्दल माझी नेहमीची तक्रार, आणि भाचीच्या हाती पुस्तक देताना माझ्या मनात तीच धाकधूक होती. तो छळ तिनं हसण्यावारी नेऊ नये, असं मला वाटत होतं. पण तिला दिसलं ते वेगळंच. दुसऱ्या भागात जोर ज्यूडच्या हातात आहे. दुसऱ्याची इच्छा मुठीत धरून ती राज्य चालवते, तिथे बरोबर वाढलेल्या धाकट्या भावासाठी, सगळ्यांच्या भल्यासाठी, आणि तरीही मुठीतच धरून. तिला हे कळतं, पण सोडवत नाही. लेखिकेनं हे कुठेही समजावून सांगितलेलं नाही, सोप्या इंग्रजीत, ज्यूडच्याच तोंडून घडताना दाखवलंय. त्या दुपारी आम्ही दोघी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खात दोन तास यावरच बोललो. माझ्या पिढीत मावशी-भाचीत असं बोलणं झालं नसतं, म्हणून या पुस्तकाचे मी मनापासून आभार मानते.

दुसऱ्या वाचनात आणखी एक प्रसंग मनात रुतला. ज्यूडला समुद्राखाली नेऊन कैदेत ठेवलं जातं. तिथल्यांना वाटतं की तिच्यावर मोहिनी घातलेली आहे. पहिल्या भागात मिळालेल्या संरक्षणामुळे तिच्यावर मोहिनी चालत नाही, पण हे कळलं तर ते तिला मारतील. म्हणून ती नाटक करते. भूक लागलेली असताना भूक नसल्यासारखं बसायचं, थंडीनं हाडं गोठलेली असताना चेहरा हसरा ठेवायचा, बालेकिन सांगेल ते निमूट करायचं. त्यात तो तिला एक असं काही करायला सांगतो की मी ते पान जूनमध्ये घाईनं उलटलं होतं. दुसऱ्यांदा थांबून वाचलं. सगळा दरबार, सगळं कारस्थान एका मुलीच्या चेहऱ्यावरच्या स्नायूंवर तोललेलं आहे, आणि लेखिका आवाज जराही चढवत नाही. पुस्तकातली ही सगळ्यात चांगली पानं. यासाठी ते विकत घ्यावं.

चांगलं नाही ते थोडक्यात सांगते. सुरुवातीची ऐंशी-नव्वद पानं दरबारातली नावं लक्षात ठेवण्यातच जातात. दरबारातला लॉकसारखा माणूस सगळ्यांना एवढा का खपतो हे मला तिसऱ्या वाचनातही पटलं नाही. आणि जुळी बहीण टॅरिन! ज्यूडचा वेश घेऊन ती कार्डनला फसवते आणि त्याचा फायदा मॅडॉकला मिळवून देते. एवढी मोठी गोष्ट, आणि तिच्या मनात काय चाललंय याचा पत्ता नाही. बहीण बहिणीशी असं वागते तेव्हा वाचकाला कारण हवं असतं. इथे लेखिकेनं हात आखडता घेतला.

प्रतीबद्दलही सांगायला हवं. पहिली प्रत ऑनलाइन मागवली ती बनावट निघाली. शाई फिकी, मुखपृष्ठावरचा रंग हाताला लागणारा, मध्ये दोन पानं कोरी. विक्रेत्यानं पैसे परत केले, पण तीन आठवडे गेले. नंतर पणजीत दुकानात जाऊन, पानं चाळून घेतली. या पुस्तकांच्या चोरट्या छपाया फार फिरतात, किंमत अर्ध्याहून कमी दिसली तर सावध व्हा. खरी पेपरबॅक सव्वातीनशे पानांच्या आसपास आहे, शिलाई घट्ट, तीन वाचनांत एकही पान सुटलं नाही. आमच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये कागद फुगतो, तसा हाही फुगला आणि मुखपृष्ठाचे कोपरे वर वळले. कपाटात आडवं, वर दोन जड पुस्तकं ठेवून आणि चतुर्थीनंतर दोन उन्हं दाखवून ते सरळ झालं. कुबट वास मात्र थोडा राहिलाच.

आता तिसऱ्या वाचनाबद्दल, कारण मत बदललं ते तिथे.

आमच्याकडे राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीला, वर्षातून एकदा रोट, म्हणजे जाड भाकरी, देतात, तेव्हा आजोबा गाऱ्हाणं घालायचे. आम्ही मुलं मागे उभी राहून "व्हय म्हाराजा" म्हणायचो. आजोबा शब्दाशब्दाला सांभाळून बोलत. घरात असलेल्यांना सांभाळ, एवढ्यावर ते थांबत नसत. घरात असलेले, दारात असलेले, वाटेवर असलेले, परगावी गेलेले, पोटात असलेले. लहानपणी मला कंटाळा यायचा. एकदा विचारलं तर म्हणाले, जो सुटला त्याची जबाबदारी राखणदारावर नाही. देवळात मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल लावतानाही तेच. प्रश्न असा विचारायचा की उजवी पाकळी पडली तर तिचा अर्थ एकच निघावा. चुकीचं विचारलंत तर देव खरंच सांगणार, तुम्हाला मात्र चुकीचं कळणार.

जानेवारीत बसमध्ये वाचताना मी पुस्तकातली प्रत्येक शपथ आजोबांच्या कानांनी ऐकली. कोण काय बोललं, आणि काय बोलायचं टाळलं. लग्नाच्या वेळी दोघंच आहेत, साक्षीला कोणी नाही, तरी शब्द पुरे उच्चारले जातात. म्हणजे ते लग्न खरं. खोटं न बोलता येणाऱ्या माणसानं ते लावलंय. मग दरबारात तो जे बोलतो, तेही त्याच कानांनी ऐकायला हवं. त्या शिक्षेच्या वाक्याला एक अट जोडलेली आहे. जूनमध्ये माझ्या डोळ्यांत पाणी होतं, मी अट वाचलीच नाही. ज्यूडनंही ऐकली नाही, कारण तीही दुखावलेली होती. आयुष्यभर या लोकांच्या बोलण्यातली फट शोधत जगलेली मुलगी, आणि नेमक्या त्या क्षणी तिचा कान बंद होतो. प्रेम करणाऱ्यानं टाकलेल्या वाक्यात फट चांगल्यासाठीही असू शकते, हे तिच्या मनातच येत नाही. तिला तसं कोणी शिकवलंच नव्हतं.

मी बाणस्तारीच्या पुलावर ते पान तीनदा वाचलं. संध्याकाळी भाचीला फोन केला. तिला म्हटलं, हद्दपारीचं वाक्य काढ आणि शेवटपर्यंत मोठ्यानं वाच. तिनं वाचलं. थोडा वेळ फोनवर काहीच आवाज नाही. मग तिनं हळूच विचारलं, "मावशी, पण मुकुटाची माफी म्हणजे कोणाची?"

मी सांगितलं नाही. तिसरा भाग त्याच शनिवारी आणला आणि आधी तिला दिला.